संगणक मंद का होतो आणि व्हायरस कुठून शिरतो

१. मंद झाला म्हणजे व्हायरस शिरला का?

घरातला संगणक दोन-चार वर्षे बरा चालतो आणि मग रेंगाळायला लागतो. सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे घेतो, ब्राउझर उघडताना अडखळतो, टाइप केलेली अक्षरे पडद्यावर मागाहून उमटतात. अशा वेळी घरात निघणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात व्हायरस तर शिरला नाही ना?

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच असते. मंदपणाची कारणे साधी असतात: अपुरी मेमरी, जुनी हार्ड डिस्क, आपोआप सुरू होणारे डझनभर प्रोग्रॅम, ब्राउझरमध्ये साठलेला पसारा, पंख्यात अडकलेली धूळ. उलट व्हायरस शिरलेला संगणक पुष्कळदा सुरळीत चालताना दिसतो. वेग आणि सुरक्षा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची तपासणी वेगळी आणि उपायही वेगळे. दोन्हींची गल्लत झाली की पैसे जातात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

या गल्लतीला जुना आधार आहे. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री कॉर्नेल विद्यापीठाचा पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एमआयटीतल्या एका संगणकावरून एक छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. कोणी काही न उघडता, न दाबता तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप जात असे. अशा प्रोग्रॅमला ‘वर्म’ म्हणतात. त्याने एकही फाइल पुसली नाही. नव्या यंत्रावर गेल्यावर ‘इथे माझी प्रत आधीच आहे का’ असे तो विचारी. पण यंत्र सांभाळणारे लोक खोटेच ‘आहे’ असे उत्तर देतील, या शंकेने मॉरिसने एक तरतूद केली होती: उत्तर ‘आहे’ असे आले तरी सातांतून एकदा प्रत करायचीच. हिशेब तिथेच चुकला. एकेका यंत्रावर प्रतींवर प्रती चढल्या आणि त्या चालवण्यातच यंत्राची सगळी ताकद संपली. त्या काळी इंटरनेटला जोडलेले संगणक सुमारे ६० हजार होते. त्यांपैकी सुमारे ६ हजार अडकले, असा अंदाज तेव्हा केला गेला. संगणक-गैरवापराच्या १९८६ च्या अमेरिकी कायद्याखाली मॉरिस दोषी ठरला. १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

त्या रात्री लोकांना दिसलेले ठळक लक्षण मंदपणा हेच होते, आणि ती समजूत पुढे टिकली. मात्र आज घातक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा हेतू पैसा हा असतो. बँकेचा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम संगणक मंद करून स्वतःकडे लक्ष कशाला वेधून घेईल? अपवाद आहेत. २०१७ ते २०१९ या काळात ‘कॉइनहाइव्ह’ नावाचा कोड अनेक वेबसाइटांवर होता. अशी साइट उघडली की पाहणाऱ्याच्या प्रोसेसरवर परस्पर आभासी चलनाची गणिते सुरू होत आणि पंखा घरघरू लागे. पण असे प्रकार थोडे. म्हणून आधी वेगाचा प्रश्न सोडवावा आणि मग सुरक्षेचा.

२. वेग कशावर ठरतो?

संगणकाचा वेग मुख्यतः तीन भागांवर ठरतो: प्रोसेसर, मेमरी आणि साठवण. प्रोसेसर प्रत्यक्ष काम करतो. ज्यावर काम चालू आहे ती माहिती मेमरीत असते. ती वीज गेली की पुसली जाते. साठवण म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. तिथे फाइली कायमच्या राहतात.

स्वयंपाकघरात हे नाते चटकन दिसते. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे हात, मेमरी म्हणजे ओटा आणि साठवण म्हणजे माळा. ओटा मोठा असेल तर पीठ, भाजी, मसाल्याचा डबा सगळे हाताशी राहते. ओटा भरला की एक डबा माळ्यावर ठेवून दुसरा खाली काढावा लागतो, आणि हात कितीही चपळ असले तरी वेळ शिडीवर जातो. संगणकातही तसेच होते. मेमरी भरली की विंडोज तिच्यातला काही भाग तात्पुरता डिस्कवर हलवते आणि लागेल तेव्हा परत आणते. बहुतेक मंद संगणकांची रखडपट्टी या ये-जा करण्यातच असते.

मेमरीचा हिशेब सोपा आहे. समजा, विंडोजला ३ जीबी लागली, वीस टॅब उघडलेल्या ब्राउझरला ३ जीबी आणि व्हिडिओ कॉलला १ जीबी. बेरीज झाली ७. मेमरी ८ जीबी असेल तर काम जेमतेम निभते. ४ जीबी असेल तर उरलेली ३ जीबी डिस्कवर जाते.

ती डिस्क कोणती आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी खरोखरच फिरते आणि एक दांडी तिच्यावर जागा शोधते. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असली तर एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. दांडी सरकण्याचा वेळ धरला तर विखुरलेली एक बारीक नोंद वाचायला साधारण १२ मिलिसेकंद जातात. संगणक सुरू होताना अशा ८,००० नोंदी वाचायच्या असतील तर ९६ सेकंद, म्हणजे दीड मिनिटाहून जास्त वेळ नुसत्या शोधाशोधीत जातो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. एका नोंदीला ०.१ मिलिसेकंद धरला तरी ८,००० नोंदी एका सेकंदाच्या आत होतात. नवा प्रोसेसर घेऊनही जो फरक जाणवत नाही, तो डिस्क बदलल्यावर का जाणवतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

३. आधी पाहणी

काहीही पुसण्याआधी किंवा विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते पाहावे. विंडोजमध्ये त्यासाठी ‘टास्क मॅनेजर’ आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो. पहिल्याच पानावर चालू प्रोग्रॅमांची यादी आणि शेजारी चार रकाने असतात: सीपीयू म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. रकान्याच्या नावावर क्लिक केले की जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

संगणक अडखळत असताना हे रकाने पाहावेत. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर ओटा भरला आहे. डिस्क सतत १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र निवांत असेल तर डिस्क जुनी आहे किंवा मेमरी कमी पडल्याने तिच्यावर भार येतो आहे. प्रोसेसर १०० टक्क्यांवर अडकला असेल तर यादीतले सर्वांत वरचे नाव वाचावे. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव दिसले की अनेकजण घाबरतात. तो विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस असतो आणि तपासणी संपली की शांत होतो. ‘डिटेल्स’ पानावरच्या ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’पुढे ९५ असा आकडा दिसला तर प्रोसेसर ९५ टक्के रिकामा आहे. हे सगळे आकडे ठीक असतील आणि फक्त वेबसाइट सावकाश उघडत असतील, तर दोष संगणकात नसून वाय-फायमध्ये किंवा इंटरनेट जोडणीत आहे. त्याच घरातल्या फोनवर तीच साइट उघडून पाहिली की ते कळते.

‘परफॉर्मन्स’ पानावर आणखी दोन गोष्टी मिळतात. डिस्कच्या नावाखाली एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेले असते, आणि सीपीयूच्या आलेखाखाली ‘अप टाइम’ म्हणजे संगणक किती वेळ सलग चालू आहे ते असते. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्याच्या घरीही इथे कधीकधी वीस दिवस दिसतात. त्याचे कारण ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. साठलेले अडथळेही तिच्याबरोबर परत येतात. ‘रीस्टार्ट’ केले तरच कोरी सुरुवात होते. त्यामुळे ‘बंद करून चालू केला, तरी तसाच’ अशी तक्रार असेल तेव्हा पहिला उपाय रीस्टार्ट हा असतो.

अ‍ॅपलच्या मॅकवर हेच काम ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’ करतो.

४. उपाय, सोप्यापासून अवघडाकडे

आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम. संगीताचे अ‍ॅप, गेमचे अ‍ॅप, प्रिंटरचा मदतनीस, मीटिंगची दोन-तीन अ‍ॅप असे बरेच प्रोग्रॅम संगणक सुरू होताच न विचारता उठतात आणि दिवसभर मेमरीत बसून राहतात. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ पानावर त्यांची यादी आणि प्रत्येकाचा भार दिसतो. तिथे ‘डिसेबल’ केल्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही. फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरस आणि टचपॅड किंवा आवाजाचे प्रोग्रॅम तेवढे राहू द्यावेत.

जागा. डिस्क काठोकाठ भरली की विंडोजला तात्पुरत्या फाइली ठेवायला जागा उरत नाही. सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’ पानावर कशाने किती जागा घेतली ते दिसते. ‘डाउनलोड्स’ फोल्डर आणि रीसायकल बिन इथे सहसा बराच ऐवज सापडतो. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी.

ब्राउझर. आज घरच्या संगणकाचे बहुतेक काम ब्राउझरमध्येच चालते. उघडा टॅब मेमरी घेतो आणि प्रत्येक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, तोही घेतो. जी एक्स्टेन्शने कोणी आणि कधी घातली हे घरात कोणालाच आठवत नाही, ती काढून टाकावीत. सवलतीचे कूपन शोधून देणारी आणि पीडीएफ बदलून देणारी एक्स्टेन्शने या यादीत बरेचदा असतात.

उष्णता. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. पंखा जोरात फिरतो आहे, खालची बाजू गरम आहे आणि अर्ध्या तासाने वेग पडतो, अशी स्थिती असेल तर हवेच्या जाळ्यांत धूळ असते. संगणक बंद करून दाबाच्या हवेच्या डब्याने ती उडवावी. लॅपटॉप गादीवर किंवा पांघरुणावर ठेवल्यानेही जाळ्या झाकल्या जातात.

सुटे भाग. एचडीडीच्या जागी एसएसडी बसवणे हा जुन्या संगणकाला जीवदान देणारा सर्वांत परिणामकारक बदल आहे. त्यानंतर मेमरी वाढवणे. मात्र नव्या पातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य पट्टीवरच पक्की जोडलेली असते आणि वाढवता येत नाही. तेव्हा भाग मागवण्याआधी आपले मॉडेल तपासावे.

काही उपाय टाळणेच बरे. एसएसडीला डीफ्रॅगमेंट करण्याची, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याची, गरज नसते. तिची देखभाल विंडोज आपोआप करते. विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही म्हणजे रजिस्ट्री; ‘रजिस्ट्री क्लीनर’ चालवून वेग वाढत नाही, आणि चुकीची नोंद पुसली गेली तर विंडोजच बिघडू शकते. वेग वाढवून देणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांचा आणखी एक धोका २०१७ मध्ये दिसला. ‘सीक्लीनर’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या सफाईच्या प्रोग्रॅमची एक अधिकृत आवृत्ती चोरट्यांनी आतूनच दूषित केली होती. ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचल्यावर प्रकार उघडकीला आला.

५. घातक प्रोग्रॅम आत कसे येतात?

‘व्हायरस’ हा शब्द रोजच्या बोलण्यात सगळ्याच घातक प्रोग्रॅमांसाठी वापरला जातो. नेमका व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो, वर्म स्वतःच्या पायाने जातो, ट्रोजन कामाचा प्रोग्रॅम असल्याचे सोंग करतो, स्पायवेअर पाळत ठेवते आणि रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागते. घरापर्यंत येण्याच्या त्यांच्या वाटा मात्र मुख्यतः तीनच आहेत.

पहिली वाट म्हणजे माणसाने स्वतः उघडलेली फाइल. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ पसरला तेव्हा ओळखीच्या माणसाकडून आल्यासारखी ईमेल येई आणि सोबत वर्डची एक फाइल असे. ती उघडली की आतली आज्ञावली, म्हणजे मॅक्रो, आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर तीच ईमेल पाठवी. सगळ्यांनी फाइल उघडली असे धरले तर पहिल्या फेरीत ५०, दुसऱ्या फेरीत २,५०० आणि तिसऱ्या फेरीत १ लाख २५ हजार ईमेल होतात. मोठमोठ्या कंपन्यांना आपली ईमेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. न्यू जर्सीत राहणाऱ्या मेलिसाच्या कर्त्याला पुढे २० महिन्यांची कैद झाली. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये लागू केले.

दुसरी वाट म्हणजे न बुजवलेले भगदाड. मोठ्या प्रोग्रॅममध्ये चुका राहतातच. त्या सापडल्या की कंपनी अपडेट काढते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले. ते ज्या भगदाडातून शिरले त्याचा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी तो घेतला होता त्यांच्या दारातून ते परत गेले.

तिसरी वाट म्हणजे फुकटचा माल. पैसे न देता मिळवलेले फोटो सुधारण्याचे प्रोग्रॅम, गेमच्या ‘क्रॅक’ प्रती, शोधयंत्राच्या निकालात वरच जाहिरात म्हणून येणारी नकली डाउनलोड पाने यांतून ट्रोजन येतात. प्रोग्रॅम त्याच्या मूळ कंपनीच्या साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधूनच घेतला तर ही वाट बरीचशी बंद होते.

मॅकला यातले काही होत नाही, ही समजूत २०१२ मध्ये मोडली. ‘जावा’ या सॉफ्टवेअरमधल्या भगदाडातून शिरलेला ‘फ्लॅशबॅक’ सुमारे सहा लाख मॅकवर पोहोचला होता.

६. राखण कशी करावी?

अँटिव्हायरस दोन रीतींनी काम करतो. एक म्हणजे ओळख पटवणे: माहीत असलेल्या घातक फाइलींच्या खुणांची यादी त्याच्याकडे असते आणि प्रत्येक नवी फाइल तिच्याशी ताडून पाहिली जाते. दुसरी म्हणजे वागणूक पाहणे: एखादा प्रोग्रॅम मिनिटभरात शेकडो फाइली बदलू लागला, तर यादीत नसला तरी त्याला थांबवले जाते. तरीही पूर्ण खात्री कोणी देऊ शकत नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८३ मध्ये व्हायरसचा प्रयोग करून दाखवणाऱ्या फ्रेड कोहेन यांनी पुढे गणितानेच दाखवले की, सगळे व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

या धंद्याचा एक धागा महाराष्ट्रातही आहे. १९९० च्या दशकात पुण्यात कैलास काटकर यांचा दुरुस्तीचा व्यवसाय होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले.

मग आज घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस विकत घ्यावा का? विंडोज १० आणि ११ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ आधीपासून असतो आणि नेहमीच्या घरगुती वापराला तो पुरतो. नव्या लॅपटॉपवर चाचणीपुरता आलेला दुसरा अँटिव्हायरस मुदत संपल्यावर काढून टाकला की डिफेंडर पुन्हा सूत्रे हाती घेतो. दोन अँटिव्हायरस एकदम चालवले तर ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात. त्याने वेग जातो आणि सुरक्षा वाढत नाही. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमचे मोल कधीकधी वेगळ्या रूपाने द्यावे लागते. ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या आरोपावरून ‘अवास्ट’ या अँटिव्हायरस कंपनीला २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहकसंरक्षण संस्थेने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन अमेरिकी सरकारने ‘कॅस्परस्की’ या रशियन अँटिव्हायरसची देशातली विक्री आणि २९ सप्टेंबरपासून अपडेटही बंद केले. अमेरिकेतल्या ज्या घरात तो अजून असेल तिथे तो काढावा, कारण नव्या खुणांच्या यादीविना अँटिव्हायरस निरुपयोगी असतो.

अँटिव्हायरसपेक्षाही अपडेटचे महत्त्व जास्त आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट घेता येतात. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवल्या तर अमेरिकेत ते फुकट मिळतात, एरवी ३० डॉलर पडतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. ज्या संगणकात हे नाही त्यावर लिनक्स किंवा गुगलचे ‘क्रोमओएस फ्लेक्स’ घालून वेब आणि ईमेलपुरता तो वापरता येतो.

यापुढे तीन सवयी लावून घ्याव्यात. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड असावा आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावा. ईमेल आणि बँकेच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी फोनवरच्या परवानगीशिवाय खाते उघडत नाही. तिसरी सवय बॅकअपची. तिचे सूत्र ३-२-१ असे सांगतात: महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या ड्राइव्हवर आणि तिसरी क्लाउडमध्ये ठेवली की सूत्र पूर्ण होते. बाहेरचा ड्राइव्ह प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवावा. तो जोडलेलाच राहिला तर रॅन्समवेअर त्यालाही कुलूप लावते.

७. भीतीचा धंदा

घरगुती संगणकाच्या मालकाचे पैसे आज पुष्कळदा व्हायरसने नव्हे, तर व्हायरसच्या भीतीने जातात. मंद संगणक आणि व्हायरस यांची गल्लत हे या धंद्याचे भांडवल आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली. त्यांतल्या बहुतेक भारतातून चालत होत्या. पद्धत ठरलेली होती. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असा फोन येई आणि माणसाला विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला सांगत. तिथे लाल आणि पिवळ्या खुणांच्या नोंदींची लांबलचक यादी दिसते. ती प्रत्येक निरोगी संगणकावर असते. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद पडते. पण ती यादी व्हायरसची म्हणून दाखवली जाई आणि ‘सफाई’चे ४९ ते ४५० डॉलर घेतले जात.

दुसरे उदाहरण दुकानातले आहे. ‘ऑफिस डेपो’ या साखळी दुकानांत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची फुकट तपासणी होत असे. कमिशनच्या आरोपानुसार, तपासणीआधी ग्राहकाला चार प्रश्न विचारत: जाहिरातींच्या खिडक्या उघडतात का, संगणक अलीकडे मंद झाला का, व्हायरसचा इशारा आला होता का, तो वरचेवर बंद पडतो का. यांतल्या एकाही चौकटीत खूण केली की, प्रत्यक्ष तपासणीत काहीही न सापडता, घातक प्रोग्रॅमची लक्षणे असल्याचा निकाल येई आणि शेकडो डॉलरची दुरुस्ती सुचवली जाई. २०१६ मध्ये सिअ‍ॅटलच्या ‘किरो’ वाहिनीने कोरे करकरीत संगणक अशा तपासणीला नेऊन हा प्रकार दाखवला. मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि प्रोग्रॅम पुरवणाऱ्या ‘सपोर्ट डॉट कॉम’ने एक कोटी डॉलर भरून तडजोड केली; पाच लाखांहून अधिक ग्राहकांना धनादेश गेले.

सध्याचे रूप ईमेलचे आहे. ‘तुमच्या गीक स्क्वॉडचे नूतनीकरण झाले, इतके डॉलर कापले जातील, नको असेल तर या क्रमांकावर फोन करा,’ असे बिल येते. गीक स्क्वॉड ही ‘बेस्ट बाय’ या अमेरिकी साखळी दुकानांची दुरुस्ती सेवा. तिच्या नावाने येणारी अशी बनावट बिले इतकी पसरली की, २०२३ मध्ये कमिशनकडे आलेल्या तोतयेगिरीच्या तक्रारींत बेस्ट बाय आणि गीक स्क्वॉड याच नावाचा वापर सर्वांत जास्त, सुमारे ५२ हजार वेळा, नोंदला गेला. फोन केला की पलीकडचा माणूस संगणकाचा दूरस्थ ताबा मागतो, ‘चुकून जास्त परतावा गेला’ असे दाखवतो आणि फरक गिफ्ट कार्डने परत मागतो. अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहायला आलेले आई-वडील दिवसा घरी एकटे असतात. त्यांना हे आधी सांगून ठेवणे कोणत्याही प्रोग्रॅमपेक्षा उपयोगी पडते.

ओळखण्याच्या खुणा तीन आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. खरी कंपनी संगणक बिघडल्याचे सांगायला स्वतःहून फोन करत नाही. आणि गिफ्ट कार्डने बिल घेणारा कोणताही व्यवसाय खरा नसतो.

पडदा भरून ‘संगणक लॉक झाला’ असा इशारा येऊन भोंगा वाजू लागला, तर बहुधा ते ब्राउझरचे साधे पान असते. एस्केप दाबून धरावे. नाही गेले तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. कोपऱ्यात वारंवार ‘तुमचा अँटिव्हायरस संपला’ अशा चिठ्ठ्या येत असतील, तर कुठल्याशा साइटला कधीतरी ‘अलाउ’ म्हटले गेलेले असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधल्या ‘नोटिफिकेशन्स’ यादीतून ती साइट काढली की चिठ्ठ्या थांबतात.

८. लागण झालीच तर

आपण न पाठवता खात्यातून ईमेल जाऊ लागल्या, डिफेंडर बंद पडून पुन्हा सुरूच होईना, ब्राउझरचे शोधयंत्र आपोआप बदलले किंवा फाइलींची नावे विचित्र होऊन त्या उघडेनाशा झाल्या, तर संशय खरा धरावा आणि पुढील क्रमाने जावे.

प्रथम वाय-फाय बंद करावे किंवा तार काढावी, म्हणजे माहिती बाहेर जाणे थांबते. त्या संगणकावरून बँकेचे काम करू नये. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडावे. संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे विंडोजच्या आत लपलेला प्रोग्रॅमही सापडतो. साधारण पंधरा मिनिटे लागतात. खात्रीसाठी ‘मालवेअरबाइट्स’सारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमने एकदा तपासून घ्यावे. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ साधनावरून पासवर्ड बदलावेत; सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येतात.

इतके करूनही शंका उरली तर बॅकअप तपासून ‘रीसेट धिस पीसी’ने विंडोज नव्याने घालावी. फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी देऊन त्या परत मिळतीलच असे नाही. युरोपोल आणि डच पोलिस यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर कित्येक प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. त्या आधी पाहाव्यात.

पैसे किंवा कार्डाचा क्रमांक दिला गेला असेल तर लगेच बँकेला कळवून व्यवहार अडवावा. अमेरिकेतला सोशल सिक्युरिटी क्रमांक गेला असेल तर इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे क्रेडिट गोठवावे, म्हणजे त्या क्रमांकावर दुसऱ्याला नवे कर्ज काढणे अवघड होते. सप्टेंबर २०१८ पासून अमेरिकेत ही सोय कायद्याने फुकट आहे. फसवणुकीची तक्रार फेडरल ट्रेड कमिशनच्या ‘रिपोर्टफ्रॉड’ साइटवर आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्रात करता येते. अशा तक्रारींच्या आधारानेच कमिशनची कारवाई उभी राहते, म्हणून रक्कम लहान असली तरी ती नोंदवावी.